भिंत आधी, गेम नंतर: पोरांना घेऊन प्ले झोनला जाताना

जून लागला की आमच्या बेळगावात पोरं घरात कोंडतात. पाऊस दिवसदिवस थांबत नाही, रेनकोट घालून शाळेला जाऊन आलं की संपलं, मग सोफ्यावरनं टीव्हीच्या टेबलावर उड्या आणि वैनीचा आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत. अशाच एका पावसाळ्यात भाऊ वैतागून म्हणाला, तुला लय हौस ना, जा घेऊन दोघांना कुठंतरी. गेले. थोरला तेव्हा दहाचा, धाकटी सातची. मॉलमधला मोठा प्ले झोन, एका बाजूला गेमच्या मशिनी आणि दुसऱ्या बाजूला आतल्या आत चढायची भिंत, क्लाइंबिंग वॉल. पहिल्या वेळी सगळं उलटं केलं. आधी खाल्लं, मग गेम, मग भिंत, आणि भिंतीपर्यंत पोचलो तेव्हा पैसे, हात आणि मूड तिन्ही संपलेलं. त्यानंतर बऱ्याच वेळा जाऊन झालंय, वेगवेगळ्या ठिकाणी, म्हणून आता कुणी विचारलं की मी जे फोनवर अर्धा तास सांगते ते एकदाच लिहून टाकते.

पहिलं काम म्हणजे निघायच्या आधी फोन करा. बोर्डावर क्लाइंबिंग लिहिलेलं असतं आणि जाऊन बघावं तर फोमची सहा फुटी उतरंड, चार वर्षाच्या पोराला चढायला. आपण शंभर किलोमीटर गाडी हाणून गेलेलं असतो, दहा वर्षाचा पोरगा त्या फोमकडं बघतोय आणि मग आपल्याकडं बघतोय. म्हणून सरळ विचारायचं, भिंत किती फूट आहे, दोरी-पट्टा लावून चढायची आहे की बिनदोरीची, पोराचं वजन आणि उंची किती लागते, आणि स्लॉट आधी बुक करावा लागतो का. आणि एक प्रश्न सगळी विसरतात, तो म्हणजे गेमचं कार्ड भिंतीला चालतं का. बऱ्याच ठिकाणी भिंतीचं तिकीट वेगळं असतं, अर्ध्या तासाचं नाहीतर तासाचं, आणि कार्डात दोन हजार टाकून बसलात तरी भिंतीच्या काउंटरवर परत पैसे मोजायला लागतात. आमचं झालंय असं.

कधी जायचं यात आपल्या सीमाभागातल्या लोकांचा एक फायदा आहे जो आपण वापरतच नाही. कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, महाराष्ट्रातल्या शाळांना दिवाळीला. उन्हाळ्यात पण आपली पोरं एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मोकळी होतात, तिकडची मेपर्यंत परीक्षा-निकालात अडकलेली. म्हणजे दसऱ्याच्या सुट्टीत नाहीतर एप्रिलच्या शेवटी मधल्या वारी कोल्हापूर-पुण्याकडं गेलात तर प्ले झोन बऱ्यापैकी रिकामे मिळतात, आणि मे महिन्यात हुबळी-बेंगळूरकडं गेलात तर नुसती लाईनच. निपाणी-चिकोडीवाल्यांना तर सीमेवरचा कोगनोळीचा टोल ओलांडला की झालं. पुण्याला पाव्हण्यांकडं दोन दिवस राहून करायचं असेल तर पुणे-हुबळी वंदे भारत २०२४ च्या सप्टेंबरपासनं चालू आहे, बेळगावला थांबते, पण ती रोज नसते, वार बघून काढा तिकीट. आणि एक नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी असते म्हणून त्या दिवशी कुठं जायचा बेत करू नका, बेळगावातनं गाडी बाहेर काढतानाच दिवस संपतो.

कपड्यांचं. पोरांना ट्रॅक पँट नाहीतर लेगिंग, गुडघा वाकला पाहिजे आणि मांडी झाकली पाहिजे, कारण हार्नेसचा, म्हणजे चढताना कमरेला-मांडीला बांधतात त्याचा, पट्टा मांडीला कचकन बसतो आणि हाफ पँटमध्ये चामडी सोलवटते. फ्रॉक नको. बायकांनी ओढणी गाडीतच ठेवायची, केस घट्ट बांधायचे. बांगड्या, अंगठ्या, लोंबतं कानातलं सगळं काढायचं, मंगळसूत्र लांब असेल तर काढून पर्समध्ये नाहीतर आत टाकून वरनं टाइट टी-शर्ट. हे नुसतं शिस्त म्हणून नाही. अंगठी भिंतीवरच्या खुंटीत अडकली आणि अंगाचं वजन खाली गेलं तर बोटाची कातडी निघून येते, खरंच, डॉक्टर लोकांकडं त्याला वेगळं नाव आहे. माझी लग्नातली अंगठी निघत नव्हती म्हणून तशीच चढले होते, नुसतीच दाबली गेली, तरी बोट चार दिवस वांग्यासारखं. नखं आदल्या दिवशी कापा. खिशात मोबाईल, गाडीची किल्ली, काही नको. तोंडात च्युइंगम तर अजिबात नको. मोजे घरनं न्या, खाली रबराचे ठिपके असलेले, नाहीतर तिथं काउंटरवर घ्यायला लावतात आणि तसल्या मोज्यांची आमच्या घरी आता एक पिशवी भरलीय.

खाणं थोडंच. वर चढायच्या आधी मसाला डोसा, वर लस्सी असं केलं तर पोटाला पट्टा आवळल्यावर काय होतं ते मी सांगत नाही. घरनं शेंगापोळी नाहीतर भाकरी-चटणी न्यायची, आत बाहेरचं खाणं घेत नाहीत म्हणून गाडीतच अर्धी-अर्धी खाऊन घ्यायची, बाकी नंतर. पाणी मात्र भरपूर.

आता मुख्य. आत शिरल्या शिरल्या पोरं मशिनींकडं पळतात, लाइटी लुकलुकतात, आवाज येतात, त्यांचा काय दोष. तिथंच त्यांचा हात धरून उलट्या दिशेला न्यायचं. भिंत आधी. कारण भिंतीला ताजे हात लागतात. कोपरापासनं मनगटापर्यंतचा जो स्नायू आहे तो पकडून पकडून भरतो, दगडासारखा होतो आणि मग बोटं मिटतच नाहीत, दहा वर्षाच्या पोराचा तो चार-पाच चढायांत भरतो. त्याआधीच बास्केटबॉलच्या मशिनीवर शंभर बॉल फेकले असतील आणि हातोडीनं बेडूक ठोकले असतील तर भिंतीवर काय उरणार. उलट भिंतीवरनं उतरल्यावर थकलेल्या हातानं गेम खेळता येतोच की, आणि थकलेलं पोरगं कार्ड पण कमी घासतं. हे शेवटचं कारण माझ्या भावाला लय पटलं.

फॉर्म देतात, तो वाचून सही करा. पाठीचं, खांद्याचं ऑपरेशन झालेलं, नुकतंच हाड मोडलेलं, हार्टचा त्रास, फिट येत असेल, दिवस गेलेले असतील तर चढायचं नाही, खाली उभं राहून फोटो काढायचे. लपवून चढण्यासारखं त्यात काही नाही.

हार्नेस तिथला पोरगा घालतो, पण तुम्ही स्वतः बघा. कमरेचा पट्टा कमरेच्या हाडाच्या वर बसला पाहिजे, खाली घसरलेला नको, ओढून बघितला तर हाडावरनं खाली येता कामा नये. मांडीच्या पट्ट्यात दोन बोटं जावीत, मूठ नाही. बारक्या पोरांना कंबरच नसते, सरळ नळकांडं असतं, उलटं झालं तर त्यातनं निसटू शकतं, म्हणून त्यांना खांद्यावरनं येणारा पूर्ण अंगाचा हार्नेस मागा. आमच्या धाकटीला एका ठिकाणी मोठ्यांचाच हार्नेस आवळून घातला होता, मी म्हटलं बदला, तो म्हणाला काय होत नाही मॅडम, मी म्हटलं मग नाही चढत आम्ही, तेव्हा आतनं दुसरा आणला. भांडायची लाज बाळगू नका. आणि हुक लावला की तो फिरवून लॉक झालाय का बघायचं, हातानं दोनदा ओढून बघायचं. हे प्रत्येक वेळी. पहिल्या चढाईला सगळे बघतात, सहाव्या चढाईला पोरगं पळत येतं आणि हुक न लावताच भिंतीला हात घालतं, आणि अशा भिंतींवरचे मोठे अपघात बहुतेक वेळा मशीन मोडून नाही, हुक लावायचा राहून गेल्यानं होतात. म्हणून बऱ्याच ठिकाणी भिंतीच्या पायथ्याला त्रिकोणी कापड आडवं लावलेलं असतं, हुक त्यालाच अडकवलेला असतो, म्हणजे तो काढल्याशिवाय चढायला वाटच मिळू नये. आमच्या घरी नियम असा की खालचा माणूस मोठ्यानं हुक? असं विचारणार आणि वर जाणारा हाताने ओढून हुक! म्हणणार, मगच पाय उचलायचा.

दोरी वर कोण धरतं हा प्रश्न माझ्या सासूबाईंनी विचारला होता आणि तो बरोबर प्रश्न आहे. अशा फॅमिलीच्या ठिकाणी सहसा माणूस धरत नाही, वर छताला एक पेटी असते, तिच्यातनं पट्टा खाली येतो. तुम्ही चढाल तसा आतल्या स्प्रिंगनं पट्टा वर गोळा होतो, सुताराच्या टेपसारखा. हात सोडला की आतली धातूची चकती चुंबकांच्या मधनं फिरायला लागते आणि चुंबकामुळं चकतीत वीज तयार होऊन तीच चकतीला मागं ओढते. जेवढं जोरात पडाल तेवढी ती जास्त ओढते, त्यामुळं पडणं होतच नाही, लिफ्ट उतरावी तसं संथ खाली येतं माणूस. काही पेट्यांत चुंबकाऐवजी घासणारा ब्रेक असतो, काम तेच. शंभर किलोचा काका आणि तीस किलोचा पुतण्या, दोघांच्या उतरण्यात फार फरक दिसत नाही. गंमत उलट्या बाजूला आहे, पोरगं फारच हलकं असलं तर स्प्रिंगच त्याला वर धरून ठेवते आणि ते हात सोडून तिथंच लटकतं, फुग्यासारखं. म्हणून वजन विचारतात. तीन वर्षाच्याला हट्टानं चढवू नका.

आणि आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसले ते. चढणं कुणाला शिकवावं लागत नाही, पोरं जन्मतःच चढतात. शिकवायचं असतं ते सोडणं. वर जाऊन हात सोडायचे आणि हवेत बसायचं, हे आपल्या अंगाला मान्यच नसतं. म्हणून पहिल्या चढाईला वर जायचंच नाही. जमिनीपासनं तीन-चार फूट, तुमच्या कमरेएवढं चढायचं आणि तिथं हात सोडायचे. पट्टा ताणतो, थोडा झटका बसतो, आणि पाय जमिनीला लागतात. मग सहा फूट. परत सोडायचं. मग दहा. असं तीन-चार वेळा केलं की अंगाला कळतं की हे धरतंय, मग शेंड्यापर्यंत जायला मोकळं. यात पाच-दहा मिनिटं जातात आणि स्लॉट तासाचा असतो म्हणून लोकं हे टाळतात, आणि मग पोरगं पंचवीस फुटांवर माकडासारखं चिकटून रडालंय आणि खालनं बाप ओरडालाय सोड सोड.

मी स्वतः हेच केलं. भाचरांना शिकवलं आणि मला कशाला लागतंय म्हणून एका दमात वर गेले. लहानपणी येळ्ळूरच्या राजहंसगडावर धावत चढायचो, आमचे आजोबा तालमीतले, आमच्या रक्तात आहे वगैरे. वरच्या घंटेला हात लावला, टाळ्या झाल्या, आणि मग खाली बघितलं. हात सुटेनात. खरंच सुटेनात, मी सोडा म्हणत होते आणि बोटं ऐकत नव्हती. तो कामाला असलेला पोरगा हुबळीकडचा, खालनं म्हणतोय, अक्का, कै बिडी, कै बिडी. म्हणजे हात सोडा. मी उलट्या हातानं पट्टाच धरला. मग तो ओरडला, हग्ग हिडीब्याड! म्हणजे दोरी धरू नको, कन्नडात दोरीला हग्ग म्हणतात. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, पण माझी दोन्ही भाचरं मराठी शाळेतली, ती मॅटवर आडवी होऊन हसायला लागली आणि मला वर हसू आवरेना, आणि त्या हसण्यात एक हात सुटला. मग थोरला खालनं म्हणाला, आत्या, खुर्चीवर बसल्यासारखं बस की. बसले. आले खाली. एवढंच होतं ते.

तर तेच सांगायचं पोरांना, खुर्चीवर बसल्यासारखं. पाय खांद्याएवढे फाकवून भिंतीकडं, तळवे पुढं, आणि चालत उतरल्यासारखं भिंतीला पाय लावत यायचं. पट्टा धरायचा नाही, वाटेतल्या खुंट्या धरायच्या नाहीत, नाहीतर पट्टा सैल पडतो आणि झटका बसतो. पेटी जिथं आहे त्याच्या सरळ खालीच चढायचं, बाजूला सरकत सरकत शेजारच्या भिंतीवर गेलात आणि हात सुटला तर घड्याळाच्या लंबकासारखे झोके घेत जाऊन कुणावर तरी आदळाल. आणि खाली उभी असलेली जनता, विशेषतः मोबाईलवर शूटिंग करणारे काका, यांनी पट्ट्याखालनं बाजूला व्हायचं, वरनं चाळीस किलोची भाची येत असते.

चढायचं कसं याबद्दल दोनच गोष्टी, कारण बाकी पोरं स्वतः शोधतात आणि तेच चांगलं. एक, पायानं चढायचं. सगळी नवीन माणसं हातानं स्वतःला ओढतात, ती दोन मिनिटांत संपतात. शिडी चढताना आपण हातानं ओढतो का, पायानं ढकलतो, तसं. पायाचा पुढचा भाग, अंगठ्याची बाजू खुंटीवर ठेवायची, मधला तळवा नाही. आधी पाय वर, मग हात. दुसरं, हात सरळ ठेवायचा. वाकवलेल्या हातानं लटकलं की स्नायू जळतो, सरळ हातानं लटकलं की हाड वजन घेतं. दमलं की एका सरळ हातानं धरायचं, दुसरा खाली सोडून झटकायचा, मग बदलायचा. हाताला घाम येत असेल तर पांढरी पावडर ठेवलेली असते, ती मॅग्नेशियम कार्बोनेट, चिमूटभर पुरे, धाकटीनं एकदा गणपतीत गुलाल उधळतात तशी उधळली होती. खुंट्यांना रंग असतात, एकाच रंगाच्या धरून गेलं की तो एक रस्ता, सोपा का अवघड ते ठिकाणाप्रमाणे बदलतं, विचारून घ्या. पहिल्या दिवशी कुठल्याही रंगाला हात लावू दे.

खालनं ओरडणाऱ्या आईबापांबद्दल मला वेगळं लिहावं लागेल एवढं आहे, पण थोडक्यात. पोरगं अर्ध्यात थांबलं की खालनं सहा जणं सांगतात, डावा पाय, अरे डावा, वर बघ, खाली बघू नको, बाजूची पोरगी बघ कशी गेली. त्याला एक पण ऐकू येत नाही, नुसता गोंगाट कळतो. एकानंच बोलायचं आणि तेही त्यानं विचारलं तर. आणि ते खाली येतो म्हणालं की येऊ द्यायचं, अजून दोनच राहिलेत म्हणायचं नाही. आमची धाकटी पहिल्या वेळी आठ फुटांवरनं चार वेळा परत आली, भाऊ असता तर त्यानं चिडून तिला उचलून आणलं असतं. पाचव्या वेळी कुणी बघत नसताना वर जाऊन आली आणि मला येऊन विचारते, आत्या तू काय बघालीस मोबाईलमध्ये? मी बघितलंच नाही ते. अजून ऐकवते मला.

काही ठिकाणी बिनदोरीची बुटकी भिंत असते, बारा-चौदा फुटांची, खाली जाड गादी. तिला बोल्डरिंग म्हणतात. ती दिसायला सोपी पण पडायचं शिकल्याशिवाय नको. गादी आहे म्हणून माणूस मागं हात टेकवत पडतो आणि मनगट मोडून घेतो. पडायचं ते दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, लगेच बुडावर बसून पाठीवर गडगडायचं आणि हात छातीशी घ्यायचे. मलखांबाच्या, कुस्तीच्या पोरांना हे येतंच, ज्यांच्या घरात तालमीचं वळण आहे त्यांची पोरं इथं बघून घ्या कशी पडतात, मांजरासारखी. वरनं उडी मारायची नाही, जमेल तेवढं उतरत यायचं आणि शेवटचं सोडायचं.

एखाद्या ठिकाणी भिंतीच्या दोन सारख्या पट्ट्या शेजारी शेजारी आणि वर बटण असं असतं, कोण आधी दाबतो. त्यात भाऊ-बहीण लावू नका, घरी जाईपर्यंत भांडण. स्पर्धेतल्या खऱ्या स्पीडच्या भिंतीची उंची १५ मीटर आणि खुंट्यांची जागा जगात सगळीकडं तीच असते, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये इंडोनेशियाच्या वेद्रिक लिओनार्दोनं ती ४.७५ सेकंदांत मारली. पाच मजली इमारत, पाच सेकंद पण नाहीत. थोरल्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला तेवढ्यात माझा एक बूट पण निघत नाही.

भिंत झाली की अर्धा तास बसा, पाणी, काहीतरी खाणं, मग गेम.

गेमच्या कार्डाचं एवढंच की मोठा रिचार्ज मारू नका. हजारावर तीनशे बोनस असं लिहिलेलं असतं, पण उरलेला बॅलन्स परत मिळत नाही आणि त्याला मुदत असते, आणि आपण काय दर आठवड्याला जाणार नाही. आमचे चारशे चाळीस रुपये एका कार्डात कायमचे राहिलेत. पाचशे टाका, संपले तर परत टाका. एकच कार्ड सगळ्यांना चालत असेल तर एकच घ्या आणि ते तुमच्या हातात ठेवा, पोरांच्या हातात दिलं की दहा मिनिटं. घासायच्या आधी मशिनीवर दर बघा, प्रत्येकाचा वेगळा असतो आणि तो रुपयांत लिहिलेला नसतो, पॉइंटात असतो, मुद्दाम.

पैसे वसूल कशात? एअर हॉकी. एका घासण्यात दोघं खेळतात, पाच-सात मिनिटं जातात, टेबलाच्या बारक्या भोकांतनं हवा वर येते आणि चकती त्यावर तरंगते, सत्तर वर्षाची आजी पण खेळू शकते. आमच्या सासूबाई मला हरवतात. बास्केटबॉल चांगला. गाडीची रेस बरी, पाय पेडलला पोचत असेल तर. तो डोक्याला चष्मा लावायचा प्रकार बारक्या पोरांना देऊ नका, मळमळतं.

आणि चिमट्याची मशीन, तो टेडी उचलायचा प्रकार, त्यावर पोरांना घरीच गाडीत समजावून न्या. त्या चिमट्याची पकड किती घट्ट ठेवायची हे मालकाला आतनं सेट करता येतं, बऱ्याच मशिनी अशा असतात की ठरावीक खेळी झाल्याशिवाय चिमटा जोरात आवळतच नाही, उचलतो आणि वर जाऊन सोडतो, तुमची नेमबाजी कितीही चांगली असू दे. थोरल्यानं एकदा सहा वेळा घासलं आणि सहा वेळा तेच अस्वल तिथंच पडलं. मी त्याला म्हटलं या पैशात खडेबाजारात दोन अस्वलं आली असती. तो म्हणाला पण ती जिंकलेली नसती ना. यावर मला काय बोलता आलं नाही, तरी दोनदाच घासायचं असा नियम आता आहे.

तिकिटांचं पण तसंच. गेम खेळलं की तिकिटं जमतात, मग काउंटरवर त्यावर बक्षीस. आधी काउंटर बघून या, सगळ्यात बारकं बक्षीस किती तिकिटांना आहे आणि ते बाजारात कितीला मिळतं, म्हणजे एका तिकिटाची किंमत कळते, आणि ती कळली की पेन्सिल-खोडरबरसाठी आपण किती घालवले ते पण कळतं. थोरल्याकडनं हा हिशोब मी कागदावर करून घेतला, शाळेत जेवढा भागाकार शिकला नव्हता तेवढा तिथं शिकला. तिकिटं साठवून पुढच्या वेळी मोठं घेऊ म्हणायचं नाही, पुढच्या वेळी ते बक्षीस नसतं.

आवाज फार असतो, आजी-आजोबांना आणि तान्ह्या पोराला दोन तासांच्या वर नको, बसायला पण धड जागा नसते. त्यांना मॉलमध्ये बाहेर बाकड्यावर बसवून एकानं सोबत थांबायचं. गर्दीत पोरगं हरवणं हे अगदी साधं आहे तिथं, सगळीकडं अंधार आणि सगळ्या पोरांचे मोजे सारखे. आत जायच्या आधी दोघांचा एक फोटो काढून ठेवा, आज कुठले कपडे घातलेत ते त्या घाईत आठवत नाही. पेनानं हातावर फोन नंबर लिहा. आणि चुकलात तर कुठं उभं राहायचं ते दाखवून ठेवा, भिंतीचा काउंटर चांगला, तो लांबनं दिसतो.

येताना हुबळीकडनं येत असाल तर धारवाडला पेढा घेता येतो, पोरं तोपर्यंत झोपलेली असतात त्यामुळं आपल्या वाट्याला जास्त. हिरेबागेवाडीच्या टोलला जागी होतात आणि परत कधी जायचं विचारतात.

आता एखाद्या पोराला खरंच नाद लागला तर प्ले झोनची भिंत त्याला दोन-तीन फेऱ्यांत पुरेनाशी होते. मग दोन दिशा आहेत. बेंगळूरला कंठीरवा स्टेडियमला मोठी खरी भिंत आहे, तिथं पट्ट्याच्या पेटीऐवजी माणूस दोरी धरतो आणि शिकवणारे असतात. आणि आपल्या बाजूला बदामी. आपण बदामीला जातो ते गुहा आणि तळं बघायला आणि शहाळं पिऊन परत येतो, पण तिथल्या त्या तांबड्या वाळूच्या दगडाच्या कड्यांवर देशभरातनं आणि परदेशातनं क्लाइंबिंगवाले येतात, कड्यांत बोल्ट ठोकून चढायचे पक्के रस्ते केलेले आहेत. बेळगावातनं सकाळी निघालं की दुपारच्या जेवणापर्यंत पोचतो. फक्त तिथं आपलं आपण चढायचं नाही, शिकवणारा माणूस आणि त्याचं सामान घेऊनच, आणि उन्हाळ्यात अजिबात नाही, डिसेंबर-जानेवारीत. थोरला आता तेराचा आहे, गेल्या हिवाळ्यात नेला होता, पहिल्यांदा खऱ्या दगडाला हात लावून म्हणाला, आत्या, याला रंगच नाहीत, कुठं धरायचं?

आणि शाळा चालू असताना जायचा वार शनिवार ठेवा. शाळा सकाळची असते, सुटली की थेट गाडीत, अडीच-तीनचा स्लॉट, संध्याकाळची गर्दी यायच्या आत भिंत उरकते. रविवारी गेलात तर सोमवारी पोरांना पेन धरता येत नाही. थोरल्याच्या वहीत बाईंनी लाल शाईनं अक्षर सुधारावे असं लिहून पाठवलं होतं आणि वैनीनं त्याच्याखाली सही करायला वही माझ्याकडं पाठवली.